डिंका भाषेवरचे दोन ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

निलोटिक हे नाव नाईल नदीवरून पडलं. दक्षिण सुदान, इथिओपियाची पश्चिम कड, युगांडा, केनिया, टांझानियाचा उत्तर भाग एवढ्या पट्ट्यात या कुळातल्या भाषा बोलल्या जातात. अभ्यासक त्यांच्या तीन शाखा मानतात. पूर्वेच्या शाखेत मासाई येतात, त्यांचे लाल अंगवस्त्रातले फोटो आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. दक्षिणेच्या शाखेत केनियातले कालेंजिन. मॅरेथॉनमध्ये केनियाचा झेंडा घेऊन धावणारे कितीतरी धावपटू याच समाजातले. पश्चिमेच्या शाखेत लुओ, आणि बराक ओबामा यांचे वडील लुओ होते. म्हणजे माणसं आपल्याला माहीत आहेत, त्यांच्या भाषा मात्र माहीत नाहीत. आज मी पश्चिमेच्या शाखेतल्या एका भाषेबद्दल बोलणार आहे. तिला जग डिंका म्हणतं. लोक स्वतःला जिएङ किंवा मुओञ्जाङ म्हणतात आणि भाषेला तुओङ्जाङ.

दक्षिण सुदान ९ जुलै २०११ रोजी स्वतंत्र झाला. त्या देशातला हा सर्वांत मोठा समाज. पांढऱ्या नाईलच्या दोन्ही अंगांना, सुद नावाच्या अफाट दलदलीच्या भोवती आणि पश्चिमेला बहर-अल-गझलच्या मैदानात तो पसरला आहे. पावसाळ्यात उंचवट्यावरची गावं, कोरड्या दिवसांत नदीकाठचे गुरांचे तळ, असं वर्ष फिरतं. मुक्तिचळवळीचे नेते जॉन गरांग डिंका होते, देशाचे पहिले अध्यक्ष साल्वा कीर हेही डिंकाच. बोलीभेद मोठे आहेत. रेक, आगार, बोर, पादांग, रुवेङ असे पाच मोठे गट अभ्यासक सांगतात, आणि त्यातल्या काही बोली एकमेकींपासून इतक्या दूर आहेत की त्यांना वेगळ्या भाषा म्हणावं असं काहींचं मत आहे.

या भाषेला लिपी आहे, रोमन लिपी, थोडी वाढवलेली. माझा आजचा सगळा विषय त्या 'थोडी वाढवलेली' या दोन शब्दांत आहे. कोणतीही लिपी भाषेतलं सगळं लिहीत नाही. काही लिहिते, काही वाचणाऱ्यावर सोडते. जे सोडलं त्याची झळ कुणाला बसते? घरात आईच्या तोंडून भाषा शिकलेल्याला नाही बसत. तो कागदावरची गळती आपल्या कानातल्या साठ्यातून भरून काढतो. झळ बसते ती कागदावरून भाषा शिकणाऱ्याला. डिंकाची वर्णमाला ज्यांनी ठरवली ते बाहेरचे लोक होते. त्यांना खुणांची गरज सर्वांत जास्त होती, पण ते भेद त्यांच्या कानाला ऐकूच येत नव्हते. ज्यांना ऐकू येत होते त्यांना खुणांची गरज नव्हती. आणि आज मेलबर्नमध्ये किंवा नैरोबीत वाढणारी डिंका मुलं अशा जागी उभी आहेत की त्यांना खुणांची गरजही आहे आणि भेद नीट ऐकूही येत नाहीत. त्या मुलांच्या बाजूने मला आज बोलायचं आहे.

आधी व्यंजनं घेऊ, कारण तिथे मराठी माणसाला घरच्यासारखं वाटेल. डिंकात दंत्य आणि दंतमूलीय असा भेद आहे. जीभ दातांना लावून काढलेला त, आणि जीभ थोडी मागे, हिरडीवर टेकवून काढलेला, आपल्या ट च्या दिशेने झुकणारा दुसरा वर्ण. युरोपीय मिशनऱ्यांना हा भेद अवघड गेला असणार. आपल्याकडे पहिलीतलं मूल त आणि ट यांत गोंधळ करत नाही. रोमन लिपीत दोघांसाठी एकच टी. मग तोडगा निघाला तो असा की हिरडीवरच्या वर्णाला नुसता टी आणि दंत्य वर्णाला टी-एच. तसंच डी आणि डी-एच, एन आणि एन-एच. इंग्रजी वाचायची सवय असलेला माणूस टी-एच दिसलं की थ वाचतो, आणि तिथेच फसतो. पुण्यातल्या महाविद्यालयांमध्ये सुदानचे आणि दक्षिण सुदानचे विद्यार्थी शिकत आले आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या ओळखपत्रावर टी-एच-ओ-एन असं नाव असेल तर आपण त्याला थॉन म्हणतो. तो असतो तोन. देवासाठीचा त्यांचा शब्द एन-एच ने सुरू होतो आणि सी ने संपतो, उच्चार जवळपास निआलिच. त्या सी चा उच्चार नेहमी च, क किंवा स कधीच नाही. खरं तर स हा ध्वनीच या भाषेत नाही. फ नाही, श नाही, झ नाही, ह सुद्धा नाही. हवा घासून काढायचा एकच ध्वनी आहे, घशात मागे होणारा, घर्षणाने काढलेल्या ग सारखा. त्याच्यासाठी ग्रीक गॅमासारखं एक अक्षर घेतलं आहे. ह नसल्यामुळे एच हे अक्षर रिकामं होतं, म्हणून ते दंत्य वर्णांची खूण म्हणून वापरता आलं.

अनुनासिकं तर आपल्यासारखीच पाच. म, दंत्य न, हिरडीवरचा न, ञ आणि ङ. आपल्या वर्णमालेत ङ आणि ञ आहेत पण स्वतंत्रपणे क्वचितच भेटतात. डिंकात ङ शब्दाच्या सुरुवातीला येतो. ङोर, ङोङ ही माणसांची नावं आहेत. इंग्रजी कागदांवर ती एन-जी ने लिहितात, म्हणून आपली वर्तमानपत्रं 'एनगोर' असं काहीतरी छापतात. डिंका वर्णमालेत या ध्वनीला स्वतंत्र अक्षर आहे, एन च्या उजव्या पायाला खाली वळलेली शेपटी. डेङ हे नाव दक्षिण सुदानात आपल्याकडच्या गणेशइतकं सर्वत्र ऐकू येतं. त्याच्या शेवटी ग नाही. देवनागरीत ते 'डेङ' असं नेमकं लिहिता येतं, आणि मराठी वर्तमानपत्रांनी तसं लिहावं असं मला मनापासून वाटतं.

व्यंजनांचं एवढंच. या भाषेचा सगळा भार स्वरांवर आहे.

डिंकाचे बहुतेक मूळ शब्द एका अक्षराचे असतात, म्हणजे मागेपुढे एकेक व्यंजन आणि मध्ये स्वर. मराठीत आपण शब्दाला प्रत्यय लावतो. घर, घरं, घराला, घरातून. डिंकात पुष्कळसं व्याकरण त्या एका स्वराच्या आत घडतं. स्वर बदलतो, लांबतो, त्याचा सूर म्हणजे आवाजाची पट्टी बदलते, आवाजाचा पोत बदलतो, आणि तेवढ्याने एकवचनाचं अनेकवचन होतं, कर्ता बदलतो, क्रिया आपल्याकडे येते की आपल्यापासून दूर जाते तेही कळतं. ही शेवटची गोष्ट फार देखणी आहे. एकाच धातूची दोन रूपं, एक बोलणाऱ्याच्या दिशेने, एक त्याच्यापासून दूर, आणि भेद स्वराच्या पोटात. नामांच्या अनेकवचनाला तर एकही ठाम नियम सापडत नाही. प्रत्येक नामाची जोडी लक्षात ठेवावी लागते, आणि तरी बोलणारी माणसं बाहेरून आलेल्या नव्या शब्दांचीही अनेकवचनं आतला स्वर बदलून करतात.

मूळ स्वर सात. त्यांतले सहा दोन प्रकारे काढता येतात. एक साध्या आवाजात, एक श्वास सोडत, भरड, पोकळ आवाजात. हा दुसरा प्रकार समजायला आपल्याला लांब जायला नको. मराठीत 'मैस' म्हणून पाहा आणि 'म्हैस' म्हणून पाहा. म्ह मध्ये जो श्वास मिसळतो तो पुढच्या स्वरातही उतरतो. गुजराती शेजारी बहिणीला हाक मारताना जो 'ब्हेन' म्हणतो, त्यातला ए हा असा श्वासमिश्रित स्वर आहे. गुजरातीत हा भेद काही शब्दांपुरता, डिंकात तो भाषेच्या मुळाशी. सातवा स्वर उ, तो बहुतेक बोलींत श्वासमिश्रितच असतो, म्हणून त्याला जोडी नाही. एकूण झाले तेरा.

लिहिताना श्वासमिश्रित स्वरावर दोन ठिपके देतात, शेजारीशेजारी, जर्मन लेखनात ओ वर असतात तसे. व्याख्यानाच्या शीर्षकातले दोन ठिपके ते हे.

आता लांबी. आपल्याकडे ऱ्हस्व आणि दीर्घ. जगातल्या ज्या भाषांत स्वरांच्या लांबीला अर्थ असतो, त्यांतल्या बहुतेकींचं दोनावर भागतं. डिंकात तीन लांब्या आहेत. ऱ्हस्व, दीर्घ आणि अतिदीर्घ. ही गोष्ट इतकी दुर्मीळ आहे की बराच काळ भाषाशास्त्रज्ञ तिच्यावर विश्वास ठेवायला कचरत होते. डेन्मार्कचे टॉर्बेन अँडरसन यांनी १९८७ मध्ये आगार बोलीची ध्वनिव्यवस्था मांडली. पुढे एडिंबरोचे बेर्ट रेमायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लुआञ्जाङ बोलीत प्रत्येक स्वराचा कालावधी यंत्राने मोजून तिसरी लांबी खरी असल्याचं दाखवलं.

उदाहरण देतो. मराठी छपाईत हाक लांबवायला आपण अवग्रह वापरतो, 'अगंऽऽ' असा. तीच खूण इथे घेतो. लुआञ्जाङ बोलीत 'लेल्' म्हणजे तू वेगळं काढतोस. 'लेऽल्' म्हणजे तो वेगळं काढतो. आणि 'लेऽऽल्' म्हणजे तो चिथावतो. तिन्हींत व्यंजनं तीच, स्वर तोच, सूरही तोच. पहिल्या धातूचा स्वर मुळात ऱ्हस्व, तो तृतीय पुरुषात दीर्घ झाला. दुसऱ्या धातूचा मुळात दीर्घ, तो तृतीय पुरुषात अतिदीर्घ झाला. म्हणजे लांबी इथे दोन कामं करते. धातू कोणता ते सांगते आणि कर्ता कोण तेही सांगते.

आता हे लिहायचं कसं? चालू लेखनात ऱ्हस्व स्वराला एक अक्षर आणि दीर्घाला तेच अक्षर दोनदा. अतिदीर्घालाही दोनदाच. म्हणून 'तो वेगळं काढतो' आणि 'तो चिथावतो' कागदावर सारखंच दिसतं. आणि जो धातू मुळात दीर्घ आहे, त्याची 'तू' आणि 'तो' ही रूपंही कागदावर सारखी होतात. गळालं ते नेमकं व्याकरण.

यावर सूर आहेत, बोलीनुसार तीन किंवा चार. ते लेखनात अजिबात दाखवत नाहीत. लुआञ्जाङ बोलीचा नुसता हिशेब केला तर तेरा स्वर, तीन लांब्या, चार सूर, म्हणजे १५६ शक्यता. सगळ्या वापरात असतात असं नाही, पण केवढ्या रुंद पात्रातून ही भाषा वाहते याचा अंदाज येईल. लेखनात त्यातले सव्वीस प्रकार दाखवता येतात. तेरा स्वर, एकेरी किंवा दुहेरी.

ही वर्णमाला आली कुठून? डिंका पहिल्यांदा कागदावर उतरवली ती एकोणिसाव्या शतकात, कॅथलिक मिशनऱ्यांनी. पांढऱ्या नाईलवर होली क्रॉस नावाचं त्यांचं ठाणं होतं. तापाने तिथे पाद्री भराभर मरत. दानिएले कोंबोनी, जे पुढे आफ्रिकेतल्या मिशनकार्यासाठी प्रसिद्ध झाले, ते १८५८ मध्ये तिथे पोचले आणि पुढच्याच वर्षी त्यांना परतावं लागलं. अशा अवस्थेत गोळा केलेल्या टिपणांवरून तिरोलमधल्या ब्रिक्सेनच्या योहानेस मिटररुट्झ्नर यांनी १८६६ मध्ये डिंका भाषेवरचं पुस्तक छापलं. जोव्हान्नी बेल्त्रामे यांचं व्याकरण १८७० चं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अँग्लिकन मिशन बोरजवळ मालेकला आलं, तर कॅथलिकांनी पश्चिमेकडे रेक बोलीत काम केलं. आर्थर नेबेल यांचं १९४८ चं व्याकरण रेक-मलुआल बोलीचं आहे. याचा परिणाम आजही दिसतो. बोरकडचं धार्मिक वाङ्मय एका वळणाचं, रेककडचं दुसऱ्या. एका भाषेच्या दोन लेखनपरंपरा पंथांच्या हद्दीवरून पडल्या.

मुख्य निर्णय झाला तो रेजाफला. जुबाच्या दक्षिणेला नदीकाठी हे लहानसं गाव आहे. एप्रिल १९२८ मध्ये सुदानातल्या ब्रिटिश सरकारने तिथे भाषापरिषद भरवली. शेजारच्या युगांडातून आणि बेल्जियन काँगोतून प्रतिनिधी आले, मिशन संस्थांचे लोक आले. तज्ज्ञ सल्लागार होते जर्मन भाषाशास्त्रज्ञ डीड्रिश वेस्टरमान. दक्षिणेत शाळांसाठी काही भाषा ठरवल्या गेल्या. त्यांत डिंका, नुएर, शिलुक, बारी, लाटुको आणि झांदे होत्या. या सहांतली झांदे सोडली तर पाचही निलोटिक. लिपी रोमन. ज्यांच्या भाषांचा निर्णय होत होता, त्यांचा आवाज त्या परिषदेत नव्हता.

वेस्टरमान यांनी सोबत एक तत्त्व आणलं होतं. लंडनमध्ये १९२६ साली आफ्रिकी भाषा आणि संस्कृतींसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली होती, आणि तिने आफ्रिकेसाठी एक वर्णमाला सुचवली होती. तिचा आग्रह होता की अक्षरांच्या डोक्यावर-पायाखाली खुणा नकोत. खुणा छपाईत तुटतात, हाताने लिहिताना राहून जातात, वाचताना डोळ्याला त्रास देतात. त्यापेक्षा नवीन अक्षरं घ्या. म्हणून शेपटीचा एन, उघडा ओ, जो उलट्या सी सारखा दिसतो, ग्रीक एप्सिलॉनसारखा उघडा ए, आणि तो गॅमा. मला हे तत्त्व पटण्यासारखं वाटतं. खिळे जुळवणाऱ्या माणसाचा विचार त्यात आहे. पण डिंकाला सात स्वरांवर भागत नव्हतं. श्वासमिश्रित स्वर लिहायचे तर उघडा ए आणि उघडा ओ यांच्याही जोड्या हव्यात, आणि तेवढी नवीन अक्षरं आणायची कुठून? शेवटी ठिपके आलेच. नवीन अक्षर, आणि त्याच्या डोक्यावर खूण. ज्या दोन गोष्टींतली एक टाळण्यासाठी दुसरी स्वीकारली होती, त्या दोन्ही एकाच ठिकाणी येऊन बसल्या. पुढे संगणकावर जो त्रास झाला तो या जागेतून उगवला आहे, म्हणून हे इतकं सविस्तर सांगितलं.

मधली वर्षं भरभर सांगतो. १ जानेवारी १९५६ ला सुदान स्वतंत्र झाला. सत्ता खार्टूमकडे आणि शाळांची भाषा अरबी. याच दशकात दक्षिणेतल्या भाषा अरबी लिपीत लिहिण्याचाही प्रयत्न झाला. अरबी लिपीत तीन ऱ्हस्व स्वरांच्या खुणा आणि तीन दीर्घ स्वर. तेरा स्वरांची भाषा तिच्यात कशी बसणार? १९६० मध्ये दक्षिणेत रविवारची सुट्टी काढून शुक्रवारची केली, विद्यार्थ्यांनी संप केले. १९६४ मध्ये परदेशी मिशनरी देशाबाहेर काढले गेले आणि त्यांच्याबरोबर छापखान्यांचा आधारही गेला. उत्तर आणि दक्षिण यांच्यातलं पहिलं युद्ध थांबवणारा १९७२ चा अदिस अबाबा करार झाल्यावर थोडी उसंत मिळाली. मारिदीला प्रादेशिक भाषांची संस्था निघाली, वाचनपाठ तयार झाले, लेखनाचे नियम पुन्हा तपासले गेले. मग १९८३ ला पुन्हा युद्ध, ते २००५ पर्यंत.

त्या युद्धात एक गोष्ट घडली जी कुठल्याही सरकारच्या योजनेत नव्हती. हजारो मुलं पायी इथिओपियात गेली, तिथून परत फिरली, आणि १९९२ मध्ये केनियाच्या वाळवंटी भागात काकुमा इथे छावणी उभी राहिली. या मुलांना जग 'लॉस्ट बॉइज' म्हणतं. छावणीत आणि बोरच्या भागात चर्च हेच एकत्र येण्याचं ठिकाण होतं, आणि तिथे माणसं, विशेषतः बायका, डिंकात नवीन भजनं रचत होत्या. ती वह्यांत उतरली, मग छापली गेली. पुष्कळांना आपली भाषा वाचता आली ती या भजनांच्या पुस्तकामुळे. भजन आधी पाठ असतं आणि मग माणूस ते पानावर शोधतो, तेव्हा न लिहिलेले सूर त्याला गाण्याच्या आठवणीतून मिळतात. अपुऱ्या लिपीलाही अशा ठिकाणी पूर्ण वाचक मिळतो. डिंका समाजात गाणं हे तसंही प्रत्येकाचं स्वतःचं असतं. तरुणाचा आवडता बैल असतो, त्याच्यावर तो गाणं रचतो, आणि त्या गाण्यावर त्याची मालकी मानली जाते.

बैलाचा विषय आलाच आहे तर जरा थांबतो. गुरांच्या रंगांचे आणि ठिपक्या-पट्ट्यांचे जितके शब्द या भाषेत आहेत तितके मराठीतल्या ढवळा, पवळा, बांडा, कपिला यांत मोजता येणार नाहीत. बैलाच्या रंगनावाच्या आधी 'मा' लागतो. माबिओर म्हणजे पांढरा बैल. जॉन गरांग यांच्या पूर्ण नावात हा शब्द आहे. कुआच म्हणजे बिबट्या, आणि माकुआच म्हणजे बिबट्यासारखे ठिपके असलेला बैल. ञाङ म्हणजे मगर, म्हणून माञाङ हा मगरीच्या पाठीसारखा करड्या पट्ट्यांचा. ही नावं माणसं स्वतःला घेतात. रंग पाहायचा बिबट्यात आणि मगरीत, ओळखायचा बैलात, आणि ठेवायचा माणसाच्या नावात. एवढी बारीक नजर असलेल्या भाषेचे स्वरही बारीकच असणार.

आता संगणकाकडे. रोमन अक्षरांवर दोन ठिपके देण्याची सोय युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, पहिल्यापासून आहे, कारण जर्मन, स्वीडिश, फ्रेंच यांना ती हवी होती. ए, ई, आय, ओ वर ठिपके असलेली तयार अक्षरं मिळतात. डिंकाच्या सहा ठिपकेवाल्या स्वरांपैकी चार अशी आयती मिळाली. उरलेली दोन, उघडा ए आणि उघडा ओ, ठिपक्यांसकट कुठल्याही युरोपीय भाषेला लागत नव्हती, म्हणून त्यांना स्वतंत्र जागा नाही. आधी मूळ अक्षर टंकायचं, मग त्यावर बसणारी खूण वेगळी टंकायची, आणि फॉन्टने त्या दोघांना नीट जुळवायचं. फॉन्ट साधा असेल तर ठिपके अक्षराच्या बाजूला पडतात, नाहीतर चौकोन दिसतो. आपल्याला हे नवीन नाही. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला भेद जपणारा चंद्रकोरीसारखा र मराठी संगणकांवर कित्येक वर्षं धड उमटत नव्हता, आणि तो कसा काढायचा हे आजही अनेकांना माहीत नसतं. पण आपल्याकडे तो एका र चा प्रश्न होता. तिथे वाक्यागणिक प्रश्न येतो.

मग लोक काय करतात? फोनवर जे अक्षर मिळेल ते वापरतात. शेपटीच्या एन ऐवजी एन-जी, उघड्या ओ ऐवजी साधा ओ, आणि ठिपके सरळ गाळतात. तरुण मुलं एकमेकांना असेच निरोप पाठवतात आणि त्यांना ते कळतात, कारण ती भाषा बोलतात. मी त्यांना दोष देत नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि तरी पेशव्यांचं दफ्तर चाललं. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही मराठी होते. आजही 'चार' आणि 'चारा' यांतले दोन वेगळे च आपण एकाच अक्षराने लिहितो आणि आपलं अडत नाही. अडतं ते मराठी नव्याने शिकणाऱ्याचं.

डिंकात मात्र शिकणारे वाढत आहेत. ऑस्ट्रेलियात, अमेरिकेत, कॅनडात, केनियात डिंका कुटुंबं स्थिरावली आहेत. ऑस्ट्रेलियाच्या एसबीएस या सार्वजनिक रेडिओवर डिंकात कार्यक्रम होतो. आई-वडील घरी डिंका बोलतात, मूल इंग्रजीत उत्तर देतं, आणि शनिवारी भाषावर्गात त्याच्या हातात पुस्तक येतं. त्या पुस्तकात ठिपके नसतील तर त्या मुलाला तेरातले सहा स्वर कधी भेटणारच नाहीत. त्याचा कान इंग्रजीवर घडलेला आहे, आणि इंग्रजीत श्वासमिश्रित स्वराने अर्थ बदलत नाही. जे कानाला सुटतं ते डोळ्याने तरी पकडायला हवं. म्हणून मी ठिपक्यांचा एवढा आग्रह धरतो. ठिपका गाळणं आजोबांना परवडतं, नातवाला नाही.

देशात परिस्थिती वेगळी आहे, पण सोपी नाही. २०११ च्या घटनेने इंग्रजी ही राजभाषा केली आणि सर्व देशी भाषांना राष्ट्रीय भाषा म्हणून मान दिला. पहिल्या काही इयत्ता मातृभाषेत शिकवाव्यात असं धोरण आहे. पण स्वातंत्र्याच्या वेळी साक्षरता सुमारे २७ टक्के होती, आणि डिसेंबर २०१३ मध्ये पुन्हा युद्ध पेटलं. शिक्षक स्वतः इंग्रजीत किंवा अरबीत शिकलेला, त्याने आपली भाषा लिहिलेली नाही. अशा शिक्षकाला ठिपके आणि दुहेरी स्वर कधी वापरायचे हे कळायला प्रशिक्षण लागतं. ते मिळालं तर तो लवकर शिकतो, कारण भाषा त्याच्या तोंडात आहे.

वेळ संपत आली आहे, पण दोन प्रश्न लिहून आले आहेत ते घेतो.

पहिला प्रश्न आहे की रोमन लिपी इतकी अपुरी पडते तर नवीन लिपीच का घडवू नये. असे प्रयत्न झाले आहेत. केनियातल्या लुओ भाषेसाठी २००९ ते २०१२ या काळात दोघांनी स्वतंत्र लिपी तयार केली. अशा प्रयत्नांमागचा स्वाभिमान मला समजतो आणि मी त्याचा आदर करतो. पण डिंकाच्या बाबतीत भजनांची पुस्तकं, बायबल, वाचनपाठ, पत्रं हे सगळं रोमनमध्ये आहे. युद्धातून वाचवून आणलेला तो ठेवा आहे. लिपी बदलली की पुढची पिढी त्याला मुकेल. मोडीतली कागदपत्रं वाचायला आज आपल्याला जाणकार शोधावा लागतो, हे इथे बसलेल्या इतिहासाच्या अभ्यासकांना मी सांगायला नको.

दुसरा प्रश्न सुरांचा. सूर दाखवायला हवेत का? माझं मत असं आहे की सगळीकडे नकोत. आधीच ठिपके असलेल्या अक्षरावर आणखी एक खूण चढवली तर पान वाचवणार नाही, आणि बोलीबोलीत सूर वेगळे असल्यामुळे कुणाचे सूर लिहायचे यावर भांडण होईल. जिथे एकवचन-अनेकवचन किंवा दोन क्रियारूपं केवळ सुराने वेगळी होतात आणि वाक्यावरूनही उलगडा होत नाही, तेवढ्याच ठिकाणी एखादी साधी खूण ठरवावी. त्याच्या आधी मात्र तिसऱ्या लांबीचा निकाल लावावा. तिथे नवीन चिन्ह लागत नाही, फॉन्ट लागत नाही. अभ्यासक आपल्या लेखांत अतिदीर्घ स्वर तीनदा लिहितात. तेच अक्षर तिसऱ्यांदा टंकायचं, कोणत्याही फोनवर ते जमतं. पान थोडं लांबेल, पण 'तू' आणि 'तो' यांतला फरक मुलाला दिसेल. बोर आणि रेक या दोन्हीकडच्या शिक्षकांनी एकत्र बसून एका इयत्तेच्या पुस्तकात हे करून पाहावं, आणि मुलं कशी वाचतात ते वर्षभर पाहून मग नियम करावा. रेजाफला जे बसले होते त्यांना हे करता आलं नाही. या शिक्षकांना येईल.